काही बिघडलं नसताना

निशिगंधाला इंद्रजीत पहिल्यांदा भेटला तो नदीच्या नावाने. तेव्हा तो इंद्रजीत आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

मार्गशीर्षातली सुस्तावलेली दुपार होती. आर्णीच्या कॉलेजातली कॉम्प्युटर लॅब रिकामी झाली होती. खिडकीबाहेरच्या रस्त्यावरून कापसाने फुगलेला एखादा ट्रॅक्टर डुलत जायचा आणि काठच्या बाभळीच्या काट्यांना पांढरे पुंजके लावून ठेवायचा. निशिगंधा ते पुंजके हलताना बघत होती. समोर लॅपटॉपवर मशीनांची नावं सरकत होती. त्यांतलं एक नाव वाचून ती एकदम ताठ बसली.

अरुणावती.

तिने डोळे चोळले. पुन्हा वाचलं. अरुणावतीच!

हे नाव तिथे कसं आलं हे सांगायचं तर तिच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. जगभरातले लोक मिळून एक ऑपरेटिंग सिस्टीम तयार करतात आणि ज्याला हवी त्याला फुकट देतात. तिच्यात हजारो प्रोग्राम असतात. लिहिणारे लिहून मोकळे होतात, पण तो प्रत्येक प्रोग्राम निरनिराळ्या जातीच्या कॉम्प्युटरवर चालेल असा बांधून, त्याचं नीट पुडकं करून ठेवावं लागतं. हे बांधायचं काम मशीनं करतात. कुणाच्या घरात, कुणाच्या कॉलेजात ठेवलेली, आपली आपण, दिवसरात्र. पण शेवटी मशीनच ती. अडतात, रुसतात, मधेच मान टाकतात. मग कुणीतरी माणसाने जाऊन बघावं लागतं, कुठे अडलं, का अडलं, पुन्हा रांगेत लावायचं की लिहिणाऱ्याला कळवायचं. असं बघणारे मूठभर स्वयंसेवक होते आणि आर्णीची निशिगंधा त्यांतली एक होती.

ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. लॅबमधल्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरांवर दुसरं काही चालेना, म्हणून तिने ही फुकटची सिस्टीम टाकली होती. एकदा काहीतरी अडलं. तिने भीत भीत कळवलं, तर सकाळपर्यंत कुणीतरी दुरुस्त करून ठेवलेलं! कोण, कुठला, काही पत्ता नाही. त्या अनोळखी माणसाचे आभार कसे मानायचे ते तिला कळेना. मग तिने विचारलं, मी काही करू शकते का? तेव्हापासून ती यात होती.

"पैसे देत नाईत, तं करतं कायले?" तिची आई विजयमाला विचारायची.

"आई, तू तुळशीले पाणी टाकतं, ते कायले टाकतं?"

"तुळस अन् मशीन सारखं हाय काय वो!" आई म्हणायची आणि विषय पुसदच्या एखाद्या स्थळाकडे वळवायची.

तर या मशीनांना नद्यांची नावं द्यायची पद्धत होती. मोठमोठ्या, भूगोलाच्या पुस्तकातल्या नद्या. आणि आज त्यांच्यात ही इवलीशी अरुणावती येऊन बसली होती. निशिगंधाच्या वावराच्या बांधापासून वाहणारी, उन्हाळ्यात गुडघाभरही नसणारी...

काल दुपारी ते मशीन मधेच बंद पडलं होतं. निमित्त आयतंच होतं. तिने इंग्रजीत, कामापुरतं लिहिलं: तुमचं मशीन काल पडलं, वीज तपासाल का? उत्तर आलं, क्षमस्व, बघतो. मग तिला राहवेना. नाव छान आहे, तिने लिहिलं, कुठली नदी ही?

छोटीशी आहे, पलीकडून उत्तर आलं. तुम्ही ऐकली नसणार.

निशिगंधाने ओठ दाबून हसू आवरलं आणि सरळ मराठीत टाइप केलं, "आर्णीच्या पुलाखालून वाहते, तीच ना?"

पलीकडे तीन ठिपके नाचू लागले... थांबले... पुन्हा नाचू लागले...

"तुम्ही कोणत्या गावचे?"

"गावची."

ठिपके पुन्हा थांबले. बऱ्याच वेळाने, जणू उंबऱ्याशी चपला काढून ठेवल्यासारखं, हळूच उत्तर आलं. "माफ करा. कोणत्या गावची?"

"आर्णी. आणि तुम्ही?"

"तुमच्या वरच्या अंगाले. दिग्रसच्या रस्त्यानं हिरासिंग नायकाचा तांडा हाय ना, थो. तुमच्या पुलाखालचं पाणी आधी आमच्या वावरापासून जाते."

"म्हणजे आम्ही तुमचं उष्टं पाणी पितो म्हणा की."

"उष्टं नाई वो. गोड करून पाठवतो."

लॅबमध्ये कुणीही नव्हतं, तरी निशिगंधाने इकडे तिकडे बघून घेतलं. इंग्रजीत किती सोपं होतं सगळं! मराठीत आल्याबरोबर समोरचा पुरुष की बाई, तू की तुम्ही, जवळचा की परका, सारं ठरवावं लागत होतं.

त्याचं नाव इंद्रजीत आडे. पुसदला डिप्लोमा करून तो पुण्याला नोकरीला गेला होता आणि तिथे मन लागेना म्हणून परत आला होता. आता वावरावावरांतून सोलर पंप बसवून द्यायचं काम करायचा. जे काही शिकला ते याच फुकटच्या सिस्टीमवर शिकला, म्हणून त्याने घरात एक तळहाताएवढा बोर्ड, त्यावर छोटा पंखा, बाहेरून पत्र्याचा डबा असं मशीन उभं करून या कामाला देऊन टाकलं होतं. तसल्या स्वस्त बोर्डांवर खेड्यापाड्यांतल्या शाळा चालतात. त्यांच्यासाठी प्रोग्राम बांधणारी मशीनं अगदी थोडी. त्यामुळे अरुणावतीची गरज होती.

आणि मग रोजच बोलणं सुरू झालं. कारण रोजच काहीतरी बिघडायचं.

सकाळी धुईत, दाट धुक्यात, गाव अजून बुडालेलं असायचं. निशिगंधा चुलीजवळ चहाची कपबशी घेऊन बसायची आणि कुठलं पुडकं कुठे अडलं ते त्याला सांगायची. तो पंपाच्या खड्ड्याशी उभा राहून उत्तर द्यायचा.

"आत्ता कुठे आहात?"

"तुरीत. डोक्याइतकी तूर हाय. पिवळी फुलं अंगावर सांडून राह्यली, देवाले वाह्यल्यावानी."

"म्हणजे देव तुम्ही?"

"देव कायचा... शेंदूर लावलेला दगड असन."

तिने कधी त्याचा फोटो मागितला नाही, त्यानेही नाही. मागावा असं वाटायचं, पण मागितला नाही म्हणून जे काही मनात उमटत होतं, ते फार हवंहवंसं होतं. त्याला ती कधी उंच करायची, कधी सावळा. कधी नुसताच एक आवाज, जो तिने ऐकलेलाच नव्हता. वर्गात शिकवता शिकवता ती मधेच थांबायची आणि पोरी एकमेकींना कोपराने ढोसायच्या.

जानेवारी जवळ आला. सिस्टीमची नवी आवृत्ती निघणार होती. त्याआधी एक दिवस असा येतो की त्यानंतर नवं काही आत घेत नाहीत. जे बांधून झालं ते झालं, राहिलं ते राहिलं. राहिलेल्यांत शाळेतल्या मुलांसाठीचा नकाशांचा एक मोठा प्रोग्राम होता. छोट्या बोर्डांसाठी तो बांधायचं काम अरुणावतीकडे आलं होतं. सकाळी सुरू केलं की संध्याकाळ व्हायची, एवढं मोठं काम.

आणि अरुणावती रोज दुपारी मान टाकत होती.

सकाळी सुरू, दुपारी ठप्प. पुन्हा पहिल्यापासून. इंद्रजीत म्हणायचा, लाईटचा घोळ हाय, डबा व्होल्टेज घेत नसन. त्याने वायर बदलली, स्टॅबिलायझर आणला. दुपार झाली की पुन्हा तेच.

मग आयनोचं पत्र आलं. ही फिनलंडमधली बाई म्हणजे या सगळ्या स्वयंसेवकांची मुकादमच म्हणा. तिने निशिगंधाला विचारलं होतं, या मशीनमुळे काम अडून राहिलंय. तू त्या भागातली आहेस. ठेवावं की काढावं, तुझं मत काय?

निशिगंधा ते पत्र दिवसभर मनात घेऊन फिरली. एकीकडे तो तुरीतला माणूस, ज्याच्याकडे पुण्याहून परतल्यावर हा डबा एवढाच ऐवज होता. दुसरीकडे कुठल्या कुठल्या शाळांतली पोरं, ज्यांना तिचं नाव कधीच कळणार नव्हतं. काम खरं करायचं तर एकच उत्तर होतं. तिने ते लिहिलं. वीज नीट होईस्तोवर अरुणावती काढून ठेवावी, तिचं काम दुसऱ्या मशीनला द्यावं.

इंद्रजीतला आधी सांगू, असं तिच्या मनात होतं. पण कसं सांगावं याचा विचार करता करता संध्याकाळ झाली. स्वयंसेवकांचा पत्रव्यवहार सगळ्यांना उघडा असतो. त्याने ते तिथेच वाचलं.

त्याची एकच ओळ आली. इंग्रजीत. समजलं, आढाव्याबद्दल आभारी आहे.

तो इंग्रजीत परत गेला, हेच तिला जास्त लागलं. इतक्या दिवसांनी ओसरीत येऊन टेकलेला माणूस उठून फाटकाबाहेर उभा राहिल्यासारखं वाटलं.

तिने लिहिलं, "रागावलात?" उत्तर नाही. "मी आधी सांगायला हवं होतं." उत्तर नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही. धुई तशीच येत होती, चहा तसाच निवत होता. वावरात तूर पिवळी झाली होती आणि त्या पिवळ्या रंगाकडे आता तिला बघवत नव्हतं.

"तब्येत बरी नाई का वो तुही?" बाबांनी, सदाशिवरावांनी, विचारलं. ते कमी बोलायचे, म्हणून त्यांनी विचारलं की खरं सांगावंसं वाटायचं.

"बरी हाय, बाबा. काम अडलं एक."

आणि मग, नुसतं बसवेना म्हणून, तिने अरुणावतीचा मागचा सारा हिशोब उघडला. मशीन कधी पडलं, कधी उठलं, सगळ्याची नोंद असते. ती बघत गेली. रोज जेवणं झाली की पडतं, चहाच्या वेळेला उठतं. पुन्हा तेच. पुन्हा तेच. एक दिवस मात्र दिवसभर ठणठणीत! हा कुठला दिवस? पुढच्या आठवड्यातही तोच वार. त्याच्या पुढच्यातही...

आर्णीच्या बाजाराचा दिवस.

निशिगंधा खुर्चीत मागे रेलली. व्होल्टेजला बाजाराचा दिवस कळतो होय? लाईट काय पिशवी घेऊन भाजी आणायला जाते?

मेसेज केला असता तरी चाललं असतं. तो उत्तर देत नव्हता, पण वाचत तर होता. पण तिने मेसेज केला नाही. तिने आरशासमोर उभं राहून एकदा वेणी घातली, मोडली, पुन्हा घातली आणि स्कूटी काढली.

"कुठी चालली?" आईने विचारलं.

"मशीन पाहायले."

दिग्रसच्या रस्त्याने नदी कधी उजवीकडून सोबत करायची, कधी पळसांच्या आड लपायची. ऊन कोवळं होतं. वेचणाऱ्या बायांचे रंगीत पदर कापसात तरंगत होते. तांड्यावर पोचेपर्यंत तिने मनातल्या मनात कितीतरी वाक्यं जुळवली आणि इंद्रजीतचं घर विचारताना ती सारी विसरली.

दारात त्याची आई होती, चंदाबाई. ठेंगणी, हसऱ्या डोळ्यांची.

"इंद्रजीत? थो तं पंप बसवाले गेला, माय. येईनच. तू बस ना. पाणी घे."

निशिगंधा खाटेवर बसली. आतल्या खोलीत, भिंतीच्या फळीवर, पत्र्याचा डबा एकसुरात भणभणत होता. काम काढून घेतलं होतं तरी त्याने तो चालूच ठेवला होता. इतके दिवस जिला ती दुरून बघत होती ती अरुणावती... एवढीशी! त्यावर धूळ बसू नये म्हणून कुणीतरी धुतलेला रुमाल घातला होता.

"जेवली का?"

"हो, काकू."

"मंग बस तू. मी जराशी पडतो. दुपारचं पडल्याबगर मले जमत नाई," असं म्हणत चंदाबाई उठल्या, फळीपाशी गेल्या, सवयीने हात घातला आणि पिन काढली.

भणभण थांबली. निशिगंधाच्या पर्समधला फोन थरथरला. अरुणावती बंद.

तिने फोन बघितला, चंदाबाईंच्या हातातली पिन बघितली आणि तिला असं हसू फुटलं की खाट करकरली.

"काय झालं वो हसाले?"

"काकू... तुम्ही हे रोज काढता?"

चंदाबाईंनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "हळू बोल. पोराले नको सांगू. जीव हाय त्याचा या डब्यात. पण सारखी भणभण, भणभण... डोक्यात माशी शिरल्यावानी होते मले. मी उठली का लावून देतो परत. बाजाराच्या दिवशी आर्णीले जातो, तवाच तेवढं चालू राह्यते. त्याले काईच समजत नाई."

"काकू," निशिगंधा डोळे पुसत म्हणाली, "साऱ्या जगाले समजते."

बाहेर मोटरसायकल थांबली. घाईघाईने पावलं आली. त्याच्याही फोनवर तोच निरोप गेला होता आणि तो जवळच्याच वावरात होता. दारात तो येऊन उभा राहिला, पँटीला गुडघ्यापर्यंत माती, हातात पाना, खांद्यावर तुरीची दोन फुलं.

उंच नव्हता. सावळा होता. डोळे आईचे होते.

त्याने आधी फळीकडे बघितलं, मग पिन हातात धरून उभ्या असलेल्या आईकडे, मग खाटेवरच्या मुलीकडे. "तुम्ही...?"

"गावची," निशिगंधा म्हणाली. "आर्णी."

त्याच्या हातातला पाना खाली पडला. चंदाबाई आधी पोराकडे आणि मग त्या मुलीकडे बघत राहिल्या आणि बंजाऱ्यांच्या गोरबोलीत हळूच पुटपुटल्या, "ई छोरी कुण छ?" तेवढी गोरबोली निशिगंधालाही कळली.

"याडी," इंद्रजीत म्हणाला, "ते नंतर सांगतो. आधी हे सांग, तू रोज—"

"झोप येत नाई मले!" चंदाबाईंनी सांगून टाकलं आणि पिन त्याच्या हातात ठेवून त्या तरातरा चहा ठेवायला गेल्या.

दोघंच उरले. तो खाली बघून हसत होता. मग हसू ओसरलं.

"मी तुम्हाले आधी सांगायले पाह्यजे होतं," ती म्हणाली.

"हो."

"पण मी जे लिहिलं ते खोटं नव्हतं."

"माहीत हाय. त्याचाच तं राग आलता." त्याने पिनेला अडकलेली धूळ फुंकली. "खोटं असतं तं भांडलो असतो. खरं होतं, मंग कोणाशी भांडू? आणि वाटलं, हिले मी इतकं रोज रोज... जाऊ द्या."

"काय रोज रोज?"

"काई नाई. आधी हा डबा हलवू. नाई तं याडीची झोप अन् पोरायचे नकाशे, दोन्ही जातीन."

मागे धान्याची एक खोली होती. तिथवर वायर न्यायची ठरली. तो शिडीवर चढला, ती खालून वायर सोडत राहिली. मधेच वायर अडकली, तो खाली उतरला, दोघांनी एकदमच ओढली आणि त्याचा मातीचा हात तिच्या हातावर टेकला. वायर केव्हाच सुटली होती, हात मात्र लगेच सुटले नाहीत. कौलांच्या फटीतून उन्हाची एक रेघ आली होती आणि तिच्यात धान्याची बारीक धूळ तरंगत होती, कुठेच जायची घाई नसल्यासारखी.

गव्हाच्या कोठीवर डबा बसला. भणभण सुरू झाली. समोरच्या खोलीत चंदाबाई चहा ठेवायचा विसरून गाढ झोपल्या होत्या.

घरी येऊन निशिगंधाने आयनोला खरं खरं लिहिलं. दोष विजेचा नव्हता, एका आईच्या दुपारच्या झोपेचा होता. मी पुरतं न बघता मत दिलं. मशीन आता दुसऱ्या खोलीत आहे. एक संधी द्यावी. आयनोचं उत्तर आलं, की आमच्याकडे एक मशीन मांजराने बंद पाडलं होतं, आईने पाडल्याचं पहिल्यांदाच ऐकते आहे, तिला माझा नमस्कार सांग. अरुणावती पुन्हा घेतली गेली. नकाशांचं काम पुन्हा तिच्याकडे आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू झालं. दुपार झाली. निशिगंधाने वर्गात फोन उलटा ठेवला, सुलटा केला, पुन्हा उलटा ठेवला. दुपार टळली. ऊन लिंबाच्या शेंड्यावर गेलं. ती घराच्या गच्चीवर कापडं काढायला गेली होती तेव्हा फोन वाजला. मेसेज नव्हे, फोन. आजवर त्यांनी कधी फोन केला नव्हता.

"झालं!" तो म्हणाला. "पुरं झालं, निशिगंधा! एकही चूक नाई!"

ती वाळलेली साडी पोटाशी धरून उभी राहिली. खाली गुरं परतत होती, त्यांच्या पावलांची धूळ सोन्यासारखी उठली होती. "याडीले सांगा," ती म्हणाली.

"सांगतलं. थे म्हणे, आता तरी झोपू देशीन का."

दोघं हसले. मग हसू संपलं. फोन मात्र कुणी ठेवेना.

"आता..." तो म्हणाला आणि थांबला. "आता तं काईच बिघडलं नाई."

"नाही."

"म्हणजे उद्या बोलाले काई कारण नाई."

तिने पोटाशी धरलेली साडी खांद्यावर घेतली.

"काई बिघडलं नसताना फोन करू काय?" त्याने विचारलं. "रोज?"

साडीचा पदर वाऱ्याने तिच्या तोंडावर आला. त्याच्याआडूनच ती म्हणाली, "कर."

ती तुम्हीवरून तूवर आली होती, आणि ते दोघांनाही कळलं होतं.

संक्रांत जवळ आली तसं विजयमालाबाईंचं पुसदचं स्थळ पुढे सरकू लागलं. निशिगंधा एकदा चुकली होती. जे आपल्या तोंडून कळायला हवं ते दुसरीकडून कळलं की माणूस कसा दूर जातो, हे तिने बघितलं होतं. एका सकाळी अंगणात सदाशिवराव शेकोटीशी बसले असताना ती त्यांच्यासमोर जाऊन बसली.

"बाबा, मले एक जण आवडते."

त्यांनी काटकी आत सारली. "कोठचा?"

"दिग्रसच्या रस्त्यावरच्या तांड्यावरचा. आडे."

"म्हणजे आपल्यातला नाई."

"नाही."

"मंग मले काहून सांगून राह्यली? मी हो म्हणीन असं वाटते तुले?"

"नाही वाटत," ती म्हणाली. "पण तुमाले दुसऱ्या कोणाकडून समजू नये."

सदाशिवराव उठले आणि वावरात निघून गेले. त्या दिवशी ते काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. आई कधी रडायची, कधी भांडी आपटायची. इंद्रजीतचा फोन यायचा तेव्हा निशिगंधा गच्चीवर जाऊन नुसतीच त्याचं ऐकत राहायची. तो पंपांबद्दल बोलायचा, हरभऱ्याच्या घाट्यांबद्दल, याडीबद्दल. तिला काही विचारायचा नाही. फक्त ठेवताना म्हणायचा, "मी हावो इथीच."

कापूस जिनिंगला न्यायचा दिवस ठरला आणि नेमकी माणसं मिळेनात. सगळीकडे वेचणीची घाई होती. सदाशिवराव ओसरीत येरझाऱ्या घालत होते. एकदम थांबले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "त्या पोट्ट्याले कापूस भरता येते काय?"

निशिगंधाला आधी कळलंच नाही. मग कळलं. "माहीत नाही, बाबा."

"मंग बोलाव. पाहू."

इंद्रजीत धुई फिटायच्या आत हजर झाला. सदाशिवरावांनी त्याच्याकडे नीट बघितलंही नाही, नुसतं कापसाच्या खोलीकडे बोट दाखवलं. दिवसभर तो गाठोडी बांधत राहिला, डोक्यावरून नेत राहिला, ट्रॉलीत उभा राहून पायाने कापूस दाबत राहिला. पहिलं गाठोडं त्याच्या हातून सुटलं आणि अंगणभर कापूस उडाला. सदाशिवरावांनी गाठ कशी मारायची ते एकदा दाखवलं आणि बाजूला झाले. दुपारी त्यांनी स्वतःच्या शेजारी त्याचं ताट मांडायला लावलं. विजयमालाबाईंनी मान वळवूनच भाकर वाढली, पण भाजी दुसऱ्यांदा न विचारता वाढली.

"सोलर पंप आमच्या विहिरीवर बसन काय?" सदाशिवरावांनी घास चावत विचारलं.

"पाणी कितीक हाय ते पाहा लागीन, काका."

"पाह्यजो," ते म्हणाले. "उद्या ये."

आतल्या दाराशी उभी असलेली निशिगंधा दाराच्या चौकटीला घट्ट धरून राहिली. उद्या ये. बाबांनी उद्या ये म्हटलं होतं.

दिवस कलला. भरलेली ट्रॉली डुलत डुलत रस्त्याला लागली, सदाशिवराव ट्रॅक्टरवर ड्रायव्हरच्या बाजूला चढून बसले. फाटकातून बाहेर पडता पडता त्यांनी मान वळवून ओरडून सांगितलं, "निशे, पोट्ट्याले पाणी दे! अन् डोक्स्यावरचा कापूस झटकाले सांग. म्हातारा दिसून राह्यला!"

अंगण रिकामं झालं. इंद्रजीत पायरीवर बसला होता, थकलेला, घामाने भिजलेला. त्याच्या केसांवर, भुवयांवर, पापण्यांवरसुद्धा कापसाचे तंतू बसले होते. मावळतीचं ऊन त्यांच्यातून आरपार येत होतं.

ती पाण्याचा गडू घेऊन पुढ्यात उभी राहिली. बघतच राहिली.

"काय पाहून राह्यली?"

"खरंच म्हातारा दिसून राह्यला तू," ती म्हणाली. "असाच दिसशीन वाटते म्हातारपणी."

त्याने गडू घेतला, पण प्यायला नाही. पांढऱ्या पापण्या उचलून तिच्याकडे बघितलं.

"तवा पाहाले असशीन ना तू?"

आतून आईने हाक मारली. निशिगंधाने "आली" म्हटलं, पण ती हलली नाही. ती त्याच्या बाजूला पायरीवर बसली.

"असीन," ती म्हणाली.